एस्तेरचे दोन मामा

हिंगोली जिल्ह्यात जातोय म्हटल्यावर वसईतल्या आमच्या शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, "तिकडं बघण्यासारखं काय आहे?" औंढा नागनाथाचं देऊळ आहे, हळदीची मोठी बाजारपेठ आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. पण आम्ही यातलं काहीच बघायला निघालो नव्हतो. आम्ही एका लग्नाला निघालो होतो आणि त्या लग्नात माझ्या नवऱ्याला, आग्नेलला, नवरीचा मामा म्हणून उभं राहायचं होतं.

नवरी म्हणजे एस्तेर. वसईतल्या एका दवाखान्यात ती नर्स होती आणि आमच्या माडीवरच्या खोलीत राहायची. सुरुवातीला जिन्यावरून पावलं न वाजवता वर जायची. वर्षभरानं माझ्या स्वयंपाकघरातून मला न विचारता लोणच्याची बरणी न्यायला लागली, तेव्हा मी आग्नेलला म्हटलं, आता ही पोरगी आपली झाली. पुढं तिचं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा, तिच्याच क्षेत्रातला. लग्न मात्र तिच्या गावी, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला.

मग एक दिवस तिच्या आईचा, शांताबाईंचा फोन आला. त्यांच्याकडची ख्रिस्ती लग्नं प्रार्थनाघरात होतात, पण हळद, मांडव, आणि मामानं नवरीला दारापर्यंत आणणं हे सगळं गावच्या रीतीप्रमाणे तसंच राहिलंय. "माझा भाऊ हाय, पर त्यो येत न्हाई," शांताबाई म्हणाल्या. "लेकीच्या मागं मामा उभा पाहिजे. तुमचे मालक उभं राहतील का?" आग्नेलनं मला पूर्ण ऐकूही दिलं नाही, फोन हातातून घेतला आणि हो म्हणाला. भाऊ का येत नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुसेगाव

रात्रभराच्या गाडीनं हिंगोलीला उतरलो. स्टेशनाबाहेर हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी माणसं, चहाचे गाडे, आणि हवेत ओल्या मातीसारखा एक उग्र वास. तो हळदीचा, हे मला नंतर कळलं. कच्ची हळद काढून शिजवायचे दिवस होते. एसटीच्या खिडकीतून शेतातल्या कढया आणि त्यावरची वाफ दिसत होती. आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये केळी, पानवेली, विहिरी, सगळं एकमेकांना चिकटून असतं. इथं नजर लांबवर जाते आणि मध्ये अडवायला काही नाही. ज्वारी कणसावर आलेली, तूर निघालेली, आणि पडीक रानात मेंढरांचे कळप बसवलेले.

पुसेगावला उतरून साखऱ्याची जीप धरायची होती. उतरलो, एसटी धुरळा उडवत पुढं गेली, आणि आग्नेल म्हणाला, "सूट."

लग्नासाठी त्यानं शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेला काळा सूट पिशवीसकट गाडीच्या फळीवर राहिला होता. आम्ही दोघंही त्या गेलेल्या गाडीकडं बघत उभे राहिलो. माझ्या फोनला रेंज नव्हती, त्याच्या फोनची बॅटरी रात्रीच संपली होती.

स्टँडवरच्या पारावर एक माणूस बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, धोतर, पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी पटका. तो उठून आला.

"काय राहिलं गाडीत?"

आग्नेलनं सांगितलं. त्यानं गाडी कुठली, पिशवीचा रंग कसला, एवढंच विचारलं. मग म्हणाला, "गाडी म्होरल्या गावाला चहाला थांबती. मी जाऊन येतो. तवर तुमी उन्हात काहून उभं राहता? ते समोर घर हाय. घरात बसा."

आणि आमच्या हो-नाहीची वाट न बघता त्यानं मोटरसायकल सुरू केली. जाताना दारातून आत हाक दिली, "द्वारका, पाव्हणे आलेत."

द्वारकाबाई त्याची बायको. आम्ही कोण, कुठून आलो, काही न विचारता तिनं ओसरीवर घोंगडं अंथरलं. अंगणात शेळ्या बांधलेल्या, एका टोपल्याखाली नुकतं जन्मलेलं करडू. तिनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. असा चहा मी आधी कधी प्यायले नव्हते. पहिल्या घोटाला जरा बिचकले आणि मग दुसरा कप मागितला. चहा होईतो आत चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. मी म्हटलं, अहो, आम्ही लगेच निघू. ती म्हणाली, "उपाशी पोटी कोण जातंय आमच्या दारातून?"

तो परत आला तेव्हा आमच्या पुढं ताटं होती. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि हिरवा कांदा. त्याच्या खांद्यावर सूटची पिशवी होती, धुळीनं पांढरी झालेली, पण आत सूट जसाच्या तसा. आग्नेल उठून त्याचे हात धरायला लागला तर तो म्हणाला, "जेवा आधी."

आम्ही जेवत होतो आणि तो समोर बसून बघत होता. मग त्यानं विचारलं, "तुमी ख्रिश्चन ना?"

मी हो म्हटलं.

"मग तुमच्यात चालतंय का आमच्या घरचं?"

प्रश्न मला कळलाच नाही. मी म्हटलं, "न चालायला काय झालं? आमच्या शेजारी कुलकर्णी राहतात. त्यांच्या गणपतीचे मोदक दरवर्षी आमच्याकडं येतात, आणि आमच्या नाताळचा केक त्यांच्याकडं जातो. ताटल्याच गोळा झाल्यात एकमेकांच्या."

"मोदक खाता तुमी?"

"हा चार खातो," मी आग्नेलकडं बोट दाखवलं.

तो सूटकडं बघत म्हणाला, "एवढा भारी सूट कशापायी?"

आग्नेलला अशा वेळी सगळं सांगायची हौस. साखऱ्याला लग्न आहे, एस्तेर आमच्याकडं कशी राहायची, आणि मला तिचा मामा म्हणून उभं राहायचंय, हे त्यानं घास चावता चावता सांगून टाकलं. आतला भाकरीचा आवाज थांबला.

"खरा मामा मेला का काय?" त्या माणसानं विचारलं.

"नाही, आहे म्हणे. पण येत नाही."

"त्यो मीच," तो म्हणाला.

त्याचं नाव किसन. शांताबाईचा थोरला भाऊ. ज्या ओसरीवर आम्ही जेवत होतो तेच शांताबाईचं माहेर. आग्नेलचा हात ताटातच राहिला. मला वाटलं, आता उठावं लागणार. पण किसननं आत बघून बायकोला सांगितलं, "पाव्हण्यांची भाकर संपली. गरम आण."

नंतर त्यानं शेजाऱ्याची पिकअप मागून आणली आणि आम्हाला स्वतः पोचवलं. वाटेत हळदीविषयी बोलला, मेंढरांविषयी बोलला, पण बहिणीविषयी एक शब्दही नाही. साखऱ्याची घरं दिसायला लागली तशी त्यानं गाडी थांबवली आणि आमच्या पिशव्या खाली ठेवल्या.

"सांगा किसननं आणून सोडलं म्हणून," तो म्हणाला. "बाकी काही सांगू नका." आणि गाडी वळवून गेला.

त्या सकाळी तो स्टँडवर सहज बसला होता, की वसईचे पाहुणे येणार हे कळल्यावर मुद्दाम येऊन बसला होता, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

साखरा

एस्तेर पळत आली आणि माझ्या गळ्यात पडली. साखऱ्यात ती मला वेगळीच दिसली. वसईत ती मोजकं बोलायची. इथं तिच्या तोंडून शब्द धो-धो येत होते आणि त्यातले अर्धे मला नवे होते. गावात तिला कोणी एस्तेर म्हणत नाही, सगळे इस्तेर म्हणतात.

मांडव उभा राहत होता. मेढी रोवणारे, आंब्याचे डहाळे आणणारे, वायर ओढणारे, सगळ्यांना मी मंडळीतलेच समजत होते. मंडळी म्हणजे तिथल्या प्रार्थनाघरातले ख्रिस्ती लोक. एस्तेर हसली. "आंटी, यातले आमच्यातले दोघंच. बाकी शेजारी." प्रार्थनाघरात अंथरलेल्या सतरंज्या मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या होत्या. सप्ताहाच्या वेळी प्रार्थनाघरातले बल्ब आणि वायरी देवळात जातात, असं कळलं. याविषयी कोणी मोठं काही बोललं नाही. मीच विचारलं म्हणून सांगितलं.

संध्याकाळी प्रार्थना झाली. आमच्या वसईचं चर्च म्हणजे उंच छत, रंगीत काचा, वेदीवर फुलं, गायकवृंद आणि ऑर्गन. इथं चार भिंती, वर पत्रे, समोर एक साधा लाकडी क्रूस. चपला बाहेर काढायच्या आणि खाली बसायचं. ढोलकी आणि टाळ. पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, स्वतः शेतकरी. त्यांच्या बोटांना हळदीचा पिवळा रंग चढला होता. भजन सुरू झालं तसं दाराबाहेर शेजारच्या बायका लेकरं कडेवर घेऊन येऊन बसल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

मी जन्मापासून ख्रिस्ती. पाळण्यात होते तेव्हा माझा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर मला त्याबाबत कधी काही ठरवावं लागलं नाही. तिथं माझ्या शेजारी बसलेल्या प्रत्येक बाईनं कधीतरी स्वतः ठरवलं होतं आणि त्याची काही ना काही किंमत दिली होती. त्या डोळे मिटून गात होत्या आणि मी त्यांच्याकडं बघत बसले होते.

प्रार्थनेनंतर मी चुलीपाशी शांताबाईंजवळ जाऊन बसले. तोवर आम्हाला कोणी आणून सोडलं हे मी त्यांना सांगितलं होतं. आता मी पुसेगावला जेवलो तेही सांगितलं, आणि किसननं विचारलेला प्रश्नही. बाकी काही सांगू नका असं तो म्हणाला होता. पण ते मला पोटात ठेवता आलं नाही.

शांताबाईंनी पदर तोंडाला लावला. मग सावकाश बोलायला लागल्या.

"इस्तेर शाळेत व्हती, तवाची गोष्ट. मालक लई प्यायचे. घरात दाणा ठेवायचे न्हाईत. एकदा पाळक आले, प्रार्थना केली, मग येतच राहिले. मालकांची सुटली. माझं घर मला परत भेटलं. मग आमी बाप्तिस्मा घेतला. दादाला ते आवडलं न्हाई, पर त्यो बोलला न्हाई काही. माझा नवरा माणसात आलेला त्यालाबी दिसत व्हता."

"मग?"

"त्याच साली आई गेली. तेरवीला मी गेले. त्याच्या आधी बाहेरचा एक उपदेशक आला व्हता. त्यो म्हणला व्हता, मेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेलं खायचं न्हाई, पाप लागतं. मी नवीन व्हते, लई भ्यायचे. वाटायचं, काही चुकलं तर मालक पुन्हा प्यायला लागतील. दादानं स्वतः माझं ताट वाढून आणलं. सगळी भावकी बसलेली. आन मी ताट सरकवलं."

चुलीतलं लाकूड त्यांनी पुढं ढकललं.

"त्यो एवढंच म्हणला, माझ्या आईच्या घरचं अन्न तुला चालत न्हाई, तर तुझ्या घरचं पाणी मला चालत न्हाई. तवापासून त्यो हिकडं येत न्हाई, आन मी तिकडं जात न्हाई."

मी म्हटलं, "लग्नाचं आवतण दिलं का?"

"पत्रिका धाडली व्हती. पत्रिका काय, कुणाच्याबी हातानं धाडतात. भावाला बहिणीनं जाऊन सांगायचं असतं."

त्यांचे यजमान गंगारामभाऊ मागं उभे राहून ऐकत होते. फार कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "भावकी हाये तिथं. हाकलून देतील तुला."

"देऊ द्या," शांताबाई म्हणाल्या. "मी ताट सरकवलं व्हतं. त्यानं मला सरकवलं तर बराबर होईल."

त्या तशाच उठल्या आणि मांडवात बसलेल्या पाळकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मीही मागोमाग गेले. "उद्या दादाकडं जाऊन येते," त्या म्हणाल्या. "तिथं जेवावं लागंल. चालंल का?"

पाळकांनी त्यांच्याकडं वर बघितलं. "भावाकडं जेवायला माझी परवानगी कशाला पाहिजे, शांताबाई? मी तर म्हणतो, लई उशीर केला."

पुन्हा पुसेगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी जीपनं निघालो. दुपारी हळद होती, घरात शंभर कामं पडलेली, पण कोणी अडवलं नाही. शांताबाईंनी वहिनीसाठी घेतलेलं लुगडं मांडीवर धरलं होतं. सगळ्या वाटेत त्या एकदाच बोलल्या. एका बांधावरचं बाभळीचं झाड दाखवून म्हणाल्या, "हितं आमी शेळ्या आणायचो. दादा झाडावर, मी खाली."

किसन घरी नव्हता, रानात मेंढरांकडं गेला होता. द्वारकाबाई दारात आली आणि नणंदेला बघून उभीच राहिली. मग तिनं पाहुण्यांचं करतात तसं ओसरीवर घोंगडं टाकलं, आतून पाण्याचे दोन तांबे आणले आणि एक माझ्यापुढं, एक शांताबाईंपुढं ठेवला.

शांताबाई घोंगड्यावर बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वहिनी, मी पाव्हणी हाय का?"

द्वारकाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शांताबाई उंबरा ओलांडून आत गेल्या, रांजणातून स्वतःच्या हातानं पाणी घेतलं आणि प्यायल्या. मग चुलीपुढं पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली. भाकर वाढ."

मी दारात उभी होते. शेजारणी जमायला लागल्या. कोणीतरी रानाकडं निरोप पाठवला असावा, कारण शांताबाईंच्या ताटात भाकरी पडते न पडते तोच किसन अंगणात आला. पायात चिखल, हातात काठी. मला बघून तो थांबला, मग आत बघितलं. बहीण चुलीपुढं पाठमोरी बसून जेवत होती. मागं कोण आलं हे तिला कळलं होतं. तिनं वळून बघितलं नाही, जेवायचीही थांबली नाही.

मग त्यानं काठी भिंतीला लावली आणि बायकोला म्हणाला, "तिला नुसती चटणी काय वाढली? कढी कर. तिला कढी लागते."

शांताबाईंचा घास तोंडाशी थांबला आणि त्या रडायला लागल्या. रडता रडताच जेवत राहिल्या. किसन हातपाय धुऊन आला आणि बहिणीच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. कढी होईपर्यंत दोघं एकमेकांकडं न बघता बोलत होते. गाय कधी विकली, आईचं जातं कुठं आहे, विहिरीला पाणी किती आहे. बारीकसारीक गोष्टी, एकामागून एक. माफीचा शब्द कोणीच काढला नाही.

निघताना शांताबाई म्हणाल्या, "दादा, उद्या लग्न हाय."

"म्हाईत हाय," किसन म्हणाला.

"येशील?"

ओसरीवर त्याचे चुलते येऊन बसले होते, गळ्यात तुळशीची माळ, भावकीतले सगळ्यात वडील. किसननं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जीप यायची वेळ झाली. निघा तुमी."

परतीच्या वाटेवर शांताबाई मला म्हणाल्या, "आला न्हाई तरी चालंल, ताई. मी जेवून आले." पण त्या सारख्या मागं वळून बघत होत्या. आणि मला त्या क्षणी खात्री वाटली की तो येणार नाही.

लग्न

आमच्याकडं लग्न म्हणजे बँड, केक, वाईन आणि मटणाच्या हंड्या. साखऱ्याला सकाळपासून मोठ्या कढईत बुंदी पडत होती. दुसरीकडं वांग्याची भाजी, वरण, भात. मांसाचा तुकडा नाही. मी गंगारामभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, "गावात माळकरी लोक हायेत, ताई. सगळ्यांना जेवता आलं पाहिजे. जे लोक मांडव घालायला आले, त्यांनी आपल्या पंगतीला न बसता काहून जावं?" आचारीही गावातलाच, हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या गावजेवणं करणारा. हे सगळं त्यांनी आधीपासून करत आल्यासारखं केलं होतं. आमच्या वसईत, जिथं आम्ही संख्येनं एवढे, तिथं पाहुण्यांच्या जेवणाचा असा विचार आम्ही किती वेळा करतो, हे मी मनात मोजून बघितलं आणि थांबले.

आग्नेल काळा सूट घालून तयार झाला. पांढऱ्या सदऱ्यांच्या आणि रंगीत पटक्यांच्या गर्दीत तो एकटाच काळा दिसत होता. लहान मुलं त्याच्या मागं मागं फिरत होती. नवरदेवाची मंडळी आली. पाळकांनी शुभ्र झगा घातला. एस्तेर पांढरी साडी नेसून, हातभर हिरव्या बांगड्या भरून दारात आली. हळदीनं तिची मान, हात सगळे पिवळे झालेले.

शांताबाई रस्त्याकडं बघत होत्या. पाळकांनी विचारलं, "सुरू करायचं का?" त्या म्हणाल्या, "जरा थांबू." थोड्या वेळानं पाळकांनी पुन्हा विचारलं आणि नवरदेवाकडचे लोक चुळबुळ करायला लागले. शेवटी शांताबाईंनीच मान हलवली. आग्नेल एस्तेरच्या मागं जाऊन उभा राहिला.

ते दोघं चार पावलं गेले असतील, तेव्हा वळणावरून टेम्पोचा हॉर्न वाजला.

टेम्पो भरून पुसेगावची भावकी आली होती. पुढच्या सीटवर माळ घातलेले चुलते. किसन मागून उडी मारून उतरला, नवा कोरा पटका बांधलेला, आणि सरळ एस्तेरपाशी आला.

"सोनी," तो म्हणाला.

बाप्तिस्म्याच्या आधीचं ते तिचं नाव. आम्ही दोघांनी ते कधी ऐकलं नव्हतं. एस्तेरनं लगेच "मामा" म्हणून उत्तर दिलं, जणू त्या नावानं तिला रोजच हाक मारतात.

आग्नेल बाजूला व्हायला लागला. किसननं त्याच्या सूटची बाही धरली. "कुठं चाललात, पाव्हणं? लेकरू वसईत एकटं व्हतं तवा मामा कोण व्हतं? दोघंबी चलू."

असे दोन मामा एकाच नवरीच्या दोन बाजूंनी निघाले, एक धोतरात, एक सुटात. प्रार्थनाघराच्या दारात आल्यावर किसननं पायातल्या वहाणा काढल्या, पटका काढायचा की ठेवायचा ते आग्नेलला हळूच विचारलं. आग्नेललाही ते माहीत नव्हतं. पाळक आतून म्हणाले, "राहू द्या, मामा. शोभतो." लग्न लागलं. पाळकांनी बायबलमधली रूथची गोष्ट वाचली, तुझे लोक ते माझे लोक, आणि शांताबाईंच्या हुंदक्यानं एक ओळ मला ऐकू आली नाही.

मग जेवणं. मांडवात पंगती बसायला लागल्या आणि माझ्या लक्षात आलं, पुसेगावची माणसं कडेला उभी आहेत. लग्नाला येणं वेगळं आणि पानावर बसणं वेगळं. चुलत्यांनी विचारलं, "स्वयंपाक कोणी केला?"

"आचाऱ्यानं," गंगारामभाऊ पुढं होऊन म्हणाले. "गावचाच हाये. सगळं शाकाहारी."

चुलते काही बोलणार, तेवढ्यात किसन म्हणाला, "काका, शांतानं केला आसता तरी मी जेवलो आसतो." आणि तो जाऊन पंगतीच्या मधोमध बसला. त्याच्या शेजारची पत्रावळ रिकामी होती. त्यानं ती हातानं पुसली आणि चुलत्यांकडं बघत राहिला.

म्हातारे चुलते आले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, सावकाश खाली बसले. मग बाकीचे.

पाळकांनी जेवणाआधी दोन वाक्यांची प्रार्थना केली. कोणाचे हात जोडलेले होते, कोणी मान खाली घातली होती, चुलते पुटपुटत विठ्ठलाचं नाव घेत होते. आमेन झालं आणि वाढपी सुटले.

शांताबाईंनी बुंदीचं ताट दुसऱ्या कोणाला दिलं नाही. त्या पंगतीत स्वतः वाढत आल्या. भावापुढं वाकल्या, मूठभर बुंदी वाढली. पुन्हा वाढली. आजूबाजूची माणसं पुरे पुरे म्हणत होती, हात आडवे करत होती, हसत होती. किसनचं पोट भरलेलं दिसत होतं. कपाळावर घाम आला होता. शांताबाई एक फेरी करून परत आल्या आणि पुन्हा त्याच्यापुढं वाकल्या.

त्यानं एकदाही पानावर हात आडवा धरला नाही.